बोनापार्टची माघार वाजवण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऑर्केस्ट्राने अमेरिकन संगीतकार आरन कोपलँडचं ‘हो-डाउन’ बसवायला घेतलंय आणि मुख्य धून तुझ्या व्हायोलिनकडे आलीय, हे वाचून फार आनंद झाला. बोटं बसली तरी ती धून मुळात कुणाची, हे तुला जाणून घ्यावंसं वाटलं, याचं मला जास्त कौतुक. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती धून विल्यम हॅमिल्टन स्टेप यांची. जन्म १८७५, राहणारे अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगराळ मुलखातले. पंचक्रोशीत ‘फिडलर बिल’ म्हणूनच ओळख; फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. १९३७ च्या शरदात अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकसंगीत टिपत मॅगॉफिन काउंटीत पोचले. बरोबर तबकडीवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र होतं. साठी उलटलेल्या स्टेप यांनी त्यांच्यासमोर ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, म्हणजे ‘बोनापार्टची माघार’, वाजवलं.

ही धून त्यांनी रचलेली नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे कितीतरी फिडलवादक ती वाजवत. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांची तबकडी तर १९२४ ची आहे. बहुतेक जण ती सैन्याच्या कूचासारखी संथ वाजवत आणि त्यात बॅगपाइपचा, कधी तोफांचा भास निर्माण करत. स्टेप यांनी तीच धून नाचायला लावील अशा वेगात नेली. सुरावट ओळखू येते, पण लय साफ पालटलेली. परंपरेतून आलेली वस्तू एखाद्या माणसाची होते ती अशी.

नावातल्या गोष्टीबद्दल एक सांगून ठेवतो. कुणी म्हणतं ही नेपोलियन बोनापार्टची १८१२ ची मॉस्कोहून झालेली माघार, कुणी म्हणतं १८१५ चं वॉटर्लू. नेपोलियनच्या नावाने आयर्लंड-ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत ढीगभर धुना आहेत. निवेदन करशील तेव्हा ही कथा ‘असं सांगतात’ म्हणूनच सांग, इतिहास म्हणून नको.

पुढचा धागा रुथ क्रॉफर्ड सीगर यांचा. त्या स्वतः आधुनिक वळणाच्या, कसदार संगीतकार. लोमॅक्स पितापुत्रांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या १९४१ च्या संग्रहासाठी त्यांनी तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन केलं. स्टेप यांचं वादन त्यांनी बारकाव्यांसह कागदावर उतरवलं, आणि कोपलँडनी ते तिथूनच, जवळजवळ जसंच्या तसं, १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेतल्या ‘हो-डाउन’मध्ये घेतलं. नृत्यरचना अ‍ॅग्नेस डी मिल यांची. पुढे ही धून रॉक बँडने वाजवली, गोमांसाच्या जाहिरातीतही गाजली. ती देशभर कोपलँडची म्हणून ओळखली गेली, स्टेप यांचं नाव मागेच राहिलं, आणि १९५७ मध्ये ते गेले. मला हे फार लागतं. कोपलँड थोरच, ऑर्केस्ट्रात त्यांनी जो रंग भरला तो त्यांचाच. पण त्या धुनेतला जोम स्टेप यांच्या गजातून आलाय.

तो कसा, हे हातात वाद्य घेऊनच कळेल. रियाजाचं जुनं व्हायोलिन काढ. सगळ्यात खालची ‘जी’ (G) तार उतरवून ‘डी’ (D) कर, सगळ्यात वरची ‘ई’ (E) उतरवून तीही ‘डी’ कर. मधल्या दोन, ‘डी’ आणि ‘ए’ (A), तशाच. आता डी ला षड्ज मान: सा, सा, प, सा. तू लहानपणापासून सा-प-सा-प वर शिकलीस, तेव्हा हा मेळ तुझ्या कानाला परका वाटायचा नाही. खालची तार बरीच ढिली होते, दाबून गज मारलास तर खडखडते, तेव्हा सुरुवात हलक्या हाताने कर. एक तार उतरवली की बाकीच्याही हलतात, त्यामुळे दोनतीनदा मिळवावं लागेल. मग धून वाजवताना शेजारची मोकळी तार गजाखाली राहू दे. सगळं लाकूड घुमू लागतं. ऑर्केस्ट्रात नेहमीच्या मेळात वाजवताना हा घुमारा मिळत नाही, पण तो एकदा कानात बसला की तुझा गज आपोआप वेगळा चालेल.

आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, घ्यायचा मोह आवर. आपल्या तालमीमुळे हात तिकडे वळतोच. इथे सौंदर्य सुरांमधल्या अंतरात नाही, गजाच्या छोट्या, झटक्याच्या फेऱ्यांत आहे. डावा हात साधा ठेव, उजव्याकडे लक्ष दे.

स्टेप यांचं ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे आणि इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतं. आधी ते ऐक, नंतर ग्रे, मग कोपलँड. समोरचा कागद तोवर मिटून ठेव. कार्यक्रमपत्रिकेत कोपलँडच्या खाली ‘मूळ वादन: विल्यम हॅमिल्टन स्टेप, केंटकी, १९३७’ एवढी ओळ घालायला तुमच्या कंडक्टरना सांग. तयार नसतील, तर सुरू करण्यापूर्वी तू स्वतः ते नाव घे.

तुझा,
काका