कळपावरचा कुत्रा: वाचकांचे प्रश्न

आमची बॉर्डर कोली दहा महिन्यांची आहे. मेंढ्या दिसल्या की सरळ कळपात घुसते आणि सगळ्या पांगतात. ओरडून घसा बसतो. काय करावं?

ओरडणं थांबवा, आधी तुमची जागा बदला. या जातीला उपजतच कळपाच्या पलीकडे जाऊन मेंढ्या मालकाकडे आणायच्या असतात. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. मध्ये कळप, तुम्ही सहावर, कुत्री बारावर. तुम्ही चारकडे सरकलात की तिनं दहावर जायला हवं. नवखे मालक कुत्रीच्या शेजारीच उभे राहतात. मग ती सरळ मेंढ्यांवर धावली तर नवल काय?

सुरुवातीला तिच्या आणि कळपाच्या मध्ये राहा. ती आत वळू लागली की तिच्या खांद्याच्या रोखानं एक पाऊल टाका, म्हणजे ती बाहेरून मोठा वळसा घेईल. कुत्रा ठरावीक अंतराच्या आत आला की मेंढी पळते; त्याबाहेरून आला तर ती नुसती शेजारणीला चिकटते. सगळी कला या अंतरात आहे. कुत्र्याला सरावलेल्या पाच-सहा मेंढ्या, लहान कुंपण आणि दहा मिनिटं एवढं पुरे. ‘कम बाय’ (घड्याळाच्या दिशेनं) आणि ‘अवे’ (उलट) हे हुकूम ती आपणहून त्या बाजूला निघाली असतानाच द्या. शब्द दुसरे ठेवलेत तरी चालतील, फक्त कानाला वेगळे लागू द्या. हाकेला परत येणं आणि जागीच थांबणं मात्र मेंढ्यांपुढे नेण्याआधीच पक्कं हवं.

कुत्रा मेंढ्यांना चावतो. मारावं का?

नाही. पाय आपटत अंगावर येणाऱ्या मेंढीच्या नाकाला पुढून एक झटका देऊन लगेच सोडणारा कुत्रा कामाचा असतो. बरगडीची लोकर धरून लोंबकळणारा नव्हे. त्याला तिथंच थांबवा आणि लांबून काम द्या. कोवळे कुत्रे बहुतेकदा घाबरून चावतात, मार खाल्ला की आणखी घाबरतात. गाभण मेंढ्या विण्याच्या बेताला आल्या असतील तर असला कुत्रा त्यांच्यामागे लावूच नका.

हाच कुत्रा रात्री राखणीला चालेल?

नाही. त्याची रोखलेली नजर मेंढ्यांना शिकाऱ्याचीच वाटते, तिच्या जोरावर तर तो त्यांना हलवतो. राखणीला मारेम्मा किंवा ग्रेट पायरेनीज या राखणदार जातींचे कुत्रे ठेवा, तेही पिल्लूपणापासून मेंढ्यांत वाढवलेले.

मेंढ्यांचं जंताचं औषध उरलंय, कुत्र्याला दिलं तर?

अजिबात देऊ नका. मेंढ्यांसाठीच्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा डोस कुत्र्याला फार जास्त होतो. त्यातून कोली वंशातल्या काही कुत्र्यांच्या एमडीआर-१ जनुकात दोष असतो. त्यामुळे औषध मेंदूत शिरतं, कुत्रा थरथरतो, बेशुद्ध पडतो, दगावतोही. रफ कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये हा दोष बराच आढळतो, बॉर्डर कोलीत कमी. चाचणी होते, करून घ्या. औषध सांडलं तर लगेच पुसा आणि नुकत्याच औषध दिलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या कुत्र्याला खाऊ देऊ नका.

न विचारलेलं एक सांगतो: मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचं कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालू नका. त्यातून हायडॅटिडचा पट्टकृमी कुत्र्यात येतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी होतात. कुत्र्यातल्या या कृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं. किती दिवसांनी द्यायचं ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या.