टीव्हीवरचे महागडे बाग-कायापालट आणि आपले साडेचार लाखांचे अंदाजपत्रक

नमस्कार ताई,

आपण लिहिले आहे की, बागांचा कायापालट करणारे ब्रिटिश कार्यक्रम घरी सगळे मिळून पाहता आणि प्रत्येक भागानंतर वाद होतो. चिरंजीवांच्या मते ती उधळपट्टी आहे, सासऱ्यांच्या मते ज्याचे पैसे त्याची हौस, आणि आपल्याला मात्र विश्रामबागेतल्या घरामागची १,२०० चौरस फूट जागा तशीच करून घ्यावीशी वाटते. ठेकेदाराने साडेचार लाखांचे अंदाजपत्रक दिले असून कोणाचे मत ग्राह्य धरावे, हा आपला प्रश्न आहे. सांगलीच्या काळ्या मातीत मी गेली सव्वीस वर्षे बाग करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रकमेवरून होणारी टीका मला अर्धीच पटते. आपल्याकडे लग्नाच्या एका दिवसाच्या मांडवावर आणि सजावटीवर याहून अधिक पैसे जातात आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही; मग वीस-पंचवीस वर्षे टिकू शकणाऱ्या बागेवर कोणी खर्च केला तर त्यात वावगे काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो कार्यक्रम कुठे संपतो यावर. बागेचे आयुष्य जिथे सुरू होते, नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर श्रेयनामावली येते. बीबीसीवर १९९७ ते २००५ या काळात चाललेल्या ‘ग्राउंड फोर्स’ने हा साचा लोकप्रिय केला: घरातल्या एखाद्याला काही निमित्ताने बाहेर पाठवायचे, दोन दिवसांत अंगण उकरून नवी बाग उभी करायची आणि ती व्यक्ती परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायचा. त्यातली मंडळी कसलेली होती. सूत्रसंचालक अॅलन टिचमार्श तर लंडनच्या प्रसिद्ध क्यू वनस्पती उद्यानात शिकलेले बागकर्मी, तेव्हा त्यांच्या ज्ञानाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दोन दिवसांत लाकूड, दगड आणि कारंजे उभे राहते, झाड उभे राहत नाही. त्यामुळे या साच्यात डेक (अंगणातला लाकडी फळ्यांचा ओटा) आणि कारंजी यांना आपोआप मोठेपण आले, आणि त्या वर्षांत ब्रिटनमध्ये घरोघरी लाकडी डेक बसवण्याची जी लाट आली, तिचा संबंध लोक आजही या कार्यक्रमाशी जोडतात. झाडे लावली जातात तीसुद्धा रोपवाटिकेत मोठ्या कुंड्यांत वाढवलेली, ऐन बहरातली आणि एकमेकांना खेटून, कारण कॅमेऱ्याला उघडी माती चालत नाही. पुढे दाटी झाली की त्यांतली बरीच उपटावी लागतात. ते आपल्याला कोणी दाखवत नाही.

आपले अंदाजपत्रक मी याच नजरेने वाचले. ४०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक, गझिबो (बागेतली छत असलेली बैठक), भिंतीवरचे कारंजे, दिवे आणि ६०० चौरस फूट लॉन यांचे मिळून चार लाख दहा हजार, आणि झाडांसाठी चाळीस हजार. त्या चाळीस हजारांतही बहुतांश अरेका पाम आणि गोल छाटलेली फायकसची झाडे. जमिनीची मशागत, लाल माती आणि शेणखत यांच्यासाठी वेगळी ओळच नाही. ६०० चौरस फुटांवर सहा इंच मातीचा थर द्यायचा म्हटले तरी ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास माती लागते. ती या कागदावर दिसत नाही याचा अर्थ एकतर ती नंतर वाढीव बिलात येईल किंवा मुळात येणारच नाही.

ती आली नाही तर काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. २००९ साली आमच्या अंगणात एका ठेकेदाराने काळी माती न काढता आणि मुरमाचा थर न देता थेट फरशी बसवली आणि शेजारी लॉनचे तुकडे अंथरले. गृहप्रवेशाच्या दिवशी ते सारे टीव्हीतल्यासारखे देखणे दिसले आणि पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला सांगावी लागत नाही, पण मी तेव्हा गप्प राहिलो. पुढच्या मे महिन्यात फरशीच्या कडेला पडलेल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. पावसाळ्यात त्याच फरश्या वर उचलल्या गेल्या आणि आई त्यांना दोनदा ठेचकाळली. लॉनमध्ये त्याआधीच लव्हाळा उगवला होता. खुरप्याने एक काडी उकरली तर खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ, तिच्यापासून दोऱ्यासारखे मूळ निघून वीतभर अंतरावर दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. एखादी जरी मातीत राहिली तरी आठवड्याभरात नवा कोंब वर. तीन वर्षे मी रविवारची सकाळ त्या गाठी वेचण्यात घालवली आणि शेवटी लॉन काढून टाकले. ठेकेदाराचे पैसे तर पहिल्याच दिवशी चुकते केलेले होते.

लॉनचे पाणी हा दुसरा विषय. ब्रिटनमध्ये पाऊस वर्षभर विभागून पडतो आणि तिथले गवत पडद्यावर हिरवेगार दिसते, ते त्या हवामानाचे देणे आहे. आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तर सारी भिस्त नळावर किंवा बोअरवर. उन्हाळ्यात लॉनला रोजचे ढोबळमानाने ५ मिलिमीटर पाणी धरले तर ६०० चौरस फुटांना दिवसाला सुमारे २८० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे आपले लॉन घरात आणखी दोन माणसे वाढवण्यासारखे आहे. चिरंजीव ज्याला उधळपट्टी म्हणतात ती खरी इथे आहे, आणि ती एकदाची नसून रोजची आहे.

फरसबंदीबद्दलही इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे घरापुढच्या बागा बुजवून फरशा घालण्याचे प्रमाण वाढले होते. २००७ च्या पुरानंतर, १ ऑक्टोबर २००८ पासून असा नियम झाला की, घरापुढील ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या थराने झाकायची असेल आणि ते पाणी जिरवण्याची सोय नसेल, तर परवानगी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५७ फूट ओलांडले, त्याच्याशी कोणाच्या अंगणातल्या पेव्हरचा संबंध जोडणे चूक ठरेल. महापुराची कारणे निराळी. मात्र वळवाच्या तासाभराच्या पावसात आपल्या गल्लीत जे घोट्याएवढे पाणी साचते, त्याच्याशी तो संबंध नक्की आहे. ५० मिलिमीटरची एक मोठी सर आली तर ४०० चौरस फूट पेव्हरवरून सुमारे १,८०० लिटर पाणी गटाराकडे धावते. तेच पाणी वाफ्यात वळवले तर झाडांची चैन होईल.

एका बाबतीत मात्र मी खर्चाच्या बाजूने ठामपणे उभा राहतो. आजारपण किंवा अपंगत्व वाट्याला आलेल्या कुटुंबांसाठी बाग करून देणारा ‘लव्ह युवर गार्डन’ हा टिचमार्श यांचाच कार्यक्रम २०११ पासून आयटीव्हीवर आला. त्यात एका घरावर एवढा खर्च कशाला, असे कोणी म्हणाले तर मला ते कठोर वाटते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. रुंद वाट, न घसरणारी फरशी, बसून हात पोहोचेल असा वाफा, यांपैकी काहीही स्वस्तात होत नाही. मिरजेच्या माझ्या मावशींना गुडघ्यांमुळे खाली बसणे अशक्य झाले, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी अडीच फूट उंचीचा विटांचा वाफा बांधला. त्यात तुळस, गवती चहा आणि मोगरा आहे, आणि संध्याकाळच्या कळ्या आजही त्या स्वतः तोडतात. आपल्या सासऱ्यांनाही बागेत बसायची आवड असेल, तर कारंज्याचे पैसे अशा वाफ्याकडे आणि हात टेकता येईल अशा कट्ट्याकडे वळवा.

बाकी माझा सल्ला असा की, लॉन आणि गझिबो वगळा. गझिबोच्या जागी लोखंडी नळ्यांचा साधा मांडव करून त्यावर जुई चढवा. वाटेसाठी काळी माती दीड फूट काढून मुरूम ठोकून घ्या आणि त्यावर शहाबादी फरशी सांधे मोकळे ठेवून बसवा. कलमी सोनचाफा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलू लागतो, बकुळ मात्र बरीच वाट पाहायला लावते, म्हणून दोन्ही आत्ताच लावा. पारिजातक आणि कढीपत्ता सोबत असू द्या. ठेकेदाराशी व्यवहार करताना एकूण रकमेचा पाचवा हिस्सा राखून ठेवा आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पार पडल्यावर, जगलेली झाडे मोजून, तो देण्याची अट लेखी घ्या. जो ठेकेदार ही अट मान्य करील त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्यालाच काम द्यावे, असे मी म्हणेन.

आणि झाडांच्या जागा ठरवण्यापूर्वी वैशाखातल्या एका दुपारी चार वाजता घराची सावली कुठपर्यंत पोहोचते, ते चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखून ठेवा. त्या रेषेच्या पलीकडे अनंत लावू नका, पश्चिमेचे ऊन त्याला सोसत नाही.