चालू स्क्रिप्टची लॉग फाइल फुगतेय, टी कमांड लावू का?

थोडक्यात तुमची अडचण अशी: पायथनची स्क्रिप्ट दिवसरात्र चालते, आउटपुट > ने एका फाइलमध्ये जातं, आणि लॉगरोटेट (ठरावीक काळाने जुन्या लॉगचं नाव बदलून नवी फाइल सुरू करणारा प्रोग्राम) लावल्यावर नवी फाइल रिकामीच राहते. टीने (tee, आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवणारी कमांड) हे सुटणार नाही. मल्टिलॉग (multilog) लावा.

नवी फाइल रिकामी राहते, कारण शेल फाइल उघडतो ती एकदाच, स्क्रिप्ट सुरू होताना. पुढे स्क्रिप्टकडे असतो तो फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक, आणि त्याला फाइलच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. लॉगरोटेटने नाव बदललं तरी लिखाण जुन्याच फाइलमध्ये चालू राहतं. वैतागून ती फाइल डिलीट केलीत तरी स्क्रिप्ट बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीएफ (df, डिस्कवरची एकूण जागा दाखवणारी कमांड) सांगतं डिस्क भरली, आणि डीयूला (du, फाइलींचा आकार मोजणारी कमांड) तिथे काहीच सापडत नाही. टीसुद्धा फाइल अशीच उघडून धरून बसतं. लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट पर्याय आहे (फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणारा), पण कॉपी झाल्यावर आणि फाइल रिकामी होण्याआधी आलेल्या ओळी गायब होतात. शिवाय तुम्ही >> ऐवजी > वापरताय, त्यामुळे स्क्रिप्ट आधीच्याच जागेपासून पुढे लिहीत राहील आणि फाइलच्या सुरुवातीला नुसते शून्य बाइट दिसतील.

मल्टिलॉग हे डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्स (daemontools) या प्रोग्रामसंचातलं. ते पाइपमधून ओळी घेतं, फाइल स्वतः लिहितं आणि स्वतःच बदलतं, म्हणून वरचा घोळ उद्भवतच नाही. स्क्रिप्टपुढे 2>&1 | लिहा, मग मल्टिलॉग, आणि त्यापुढे याच क्रमाने: t हे एक अक्षर (वेळेचा शिक्का), s1000000 (एका फाइलचा आकार), n20 (किती फाइली ठेवायच्या), शेवटी ./ ने सुरू होणारं फोल्डरचं नाव. फाइल दहा लाख बाइटच्या आसपास आली की बदलते, आणि सगळं मिळून साधारण 20 एमबीच्या घरात राहतं. आकडे न देता सोडू नका. डिफॉल्ट फक्त 99999 बाइट आणि 10 फाइलींचा आहे. चालू फाइलचं नाव करंट (current). वेळ @ नंतरच्या 24 हेक्स अंकांत येते, डोळ्यांनी वाचता येत नाही (बर्नस्टाइन यांचा खास हट्ट!), म्हणून वाचताना लॉग tai64nlocal या सोबतच्या कमांडमधून काढा, ती वेळ वाचता येईल अशी करते.

डिस्क भरली तर मल्टिलॉग ओळी फेकत नाही, थांबून पुन्हा प्रयत्न करतं. तोवर पाइप भरला तर तुमची स्क्रिप्टही अडकेल, हे लक्षात असू द्या.

पायथनला -u (बफर न करता लगेच लिही) हा पर्याय द्यायला विसरू नका. समोर टर्मिनल नसेल तर प्रिंटचं आउटपुट बफरमध्ये साठतं, एरर मात्र लगेच बाहेर पडतात, आणि लॉगमधला क्रम उलटासुलटा दिसतो.

स्क्रिप्ट सिस्टमडीची (systemd, लिनक्सवर सेवा सुरू ठेवणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर यातलं काहीच करू नका. आउटपुट जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये, जाऊ द्या आणि जर्नलडीच्या सेटिंगमध्ये कमाल आकार ठरवून टाका.