टाकीतली भांडणं

प्रश्न : तीन फुटी टाकीत कॉन्व्हिक्ट सिक्लिड या माशांची जोडी आहे. मादीनं कुंडीत अंडी घातल्यापासून नर बाकीच्या माशांना टोचतो, आता मादीच्याही मागे लागलाय. काय करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी मादीकडे बघा. पर फाटले असतील तर आजच मधोमध प्लास्टिकची जाळी लावा, कुंडी मादीच्या बाजूला ठेवून. ‘जोडीच आहे, मिटेल’ म्हणून मी दोन दिवस थांबलो आणि मादी गेली. ते अजून सलतं.

अंड्यांची काळजी नको, मादी एकटीही राखते. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहू लागतात. तेव्हा राखण आणखी कडक होते, म्हणून बाकीचे मासे दुसऱ्या टाकीत हलवाच. या माशांच्या मूळ घरी, मध्य अमेरिकेतल्या ओढ्यात हुसकावलेला मासा लांब निघून जातो. तीन फुटांत तो जाणार कुठे?

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे. पाणी तापलं की प्राणवायू घटतो, मारामारीही वाढते. हीटर बंद, एअर पंप चोवीस तास चालू.

जाळी काढताना दगड-कुंड्यांच्या जागा बदला आणि मादी शिरेल पण नर मावणार नाही, असा पाइपचा तुकडा आत ठेवा.