सिएटलच्या रिमझिमीत फरच्या सुया झाडताना आधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करा

सिएटलजवळच्या समामिशमधल्या नव्या घरामागे डग्लस फरची (सुईसारख्या पानांची) चार मोठी झाडं आहेत, ऑक्टोबर लागल्यापासून लॉन आणि ड्राइव्हवेवर सुयांचा थर साचलाय, ब्लोअरने (हवेच्या झोताने पाला उडवणाऱ्या यंत्राने) तो हलत नाही आणि शेजारी म्हणतात की या सुयांनी माती आम्लधर्मी होऊन शेवाळ येतं, चुना टाका. तुमचा प्रश्न एवढा, असं धरून लिहितोय.

सगळ्या सुया उचलायच्या हा हट्ट आधी सोडा. चार फर असतील तर आज झाडलेलं अंगण परवा पुन्हा तसंच दिसणार. सिएटल परिसरात वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण तो ऑक्टोबर ते मार्च रिमझिमत राहतो. मुंबईची सर कचरा वाहून नेते, इथली रिमझिम तो जागच्या जागी चिकटवते. म्हणून क्रम असा ठेवा: जिथून पाणी वाहतं ते पहिलं, जिथे पाय पडतात ते दुसरं, लॉन तिसरं. झाडाच्या बुंध्याखालच्या सुया तशाच राहू द्या.

पाण्याच्या वाटा म्हणजे छपराच्या पन्हळी (इथे ज्यांना गटर म्हणतात त्या), त्यांचे खाली येणारे पाइप, छपराचे दोन उतार मिळतात त्या खाचा, अंगणातल्या निचऱ्याच्या जाळ्या आणि रस्त्यावरची जाळी. पन्हळीत सुया सगळीकडे सारख्या साचत नाहीत. पाइपच्या तोंडाशी त्यांचं विणलेल्या चटईसारखं बूच बसतं. मग पाणी मागच्या बाजूने ओसंडून लाकडी पट्टीत मुरतं आणि ती कुजते. बूच हाताने उपसून काढा. त्यावर थेट पाणी मारलंत तर ते पाइपच्या वळणात जाऊन बसतं आणि पाइप खोलावा लागतो. उरलेला गाळ प्लॅस्टिकच्या खुरप्याने पाइपच्या तोंडापासून उलट दिशेला ओढत काढा, आणि होजपाइप अगदी शेवटी लावा. खाली पाणी धो धो आलं तर काम झालं, बारीक धार आली तर अडथळा अजून आत आहे.

शिडी जितकी उंच टेकते त्याच्या चौथ्या हिश्शाइतका तिचा पाय भिंतीपासून लांब हवा. ती पन्हळीवर टेकवू नका, पत्रा चेपतो. दुमजली घर किंवा ओलं छप्पर असेल तर माणूस बोलवा, इथे काटकसर नको.

कचरा अडवायला पन्हळीवर जाळ्या बसवाव्यात का, हाही प्रश्न येतोच. मोठ्या भोकांच्या जाळीत फरच्या सुया टाचणीच्या उशीसारख्या उभ्या रुततात. फोमच्या पट्ट्यांत तेच होतं, वर त्यात रोपंही उगवतात. स्टेनलेस स्टीलची अतिबारीक जाळी त्यातल्या त्यात बरी, पण तिच्यावरही सुयांचा थर बसतोच आणि तो ब्रशने झाडावा लागतो. ‘एकदा बसवा आणि विसरा’ हे फक्त विकणारा म्हणतो.

छपराच्या खाचांतल्या सुया मऊ ब्रशने वरून खाली ओढा. खालून वर लोटल्या तर शिंगल्सच्या (छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ तुकड्यांच्या) कडा उचलल्या जातात. प्रेशर वॉशर छपराला लावूच नका, शिंगल्सवरचे दाणे निघून जातात. शेवाळ मारायला मिळणारी जस्ताची पावडर माशांना घातक असते, आणि इथल्या रस्त्यावरच्या जाळीतलं पाणी बहुतेक ठिकाणी कुठलीही प्रक्रिया न होता ओढ्यात आणि तळ्यात जातं. त्याच कारणाने सुया ब्लोअरने रस्त्यावर ढकलू नका.

ब्लोअर हे कोरड्या दिवसाचं हत्यार आहे. ओली सुई काँक्रीटला चिकटते आणि वारा तिच्यावरून निघून जातो. हवामानात सलग दोन कोरडे दिवस दिसले की दुसऱ्या दिवशी दुपारी काम काढा. कोरडं मिळालंच नाही तर ड्राइव्हवेवर आपला नारळाच्या हिरांचा खराटा चालवून बघा. इंडियन ग्रोसरीत मिळतो, आणि ताठ हीर सुईच्या खाली शिरतो तसा रुंद झाडू शिरत नाही. डेकच्या फळ्यांमधल्या फटी जुन्या पटाशीने किंवा पुट्टीच्या पात्याने मोकळ्या करा. तिथे ओल धरून राहते आणि लाकडाची कूज तिथूनच सुरू होते.

लॉनवर प्लॅस्टिकचं रुंद दंताळं बिनकामाचं, सुया दातांमधून निसटतात. स्टीलच्या तारेचं, दात जवळ आणता येणारं घ्या आणि हलक्या हाताने ओढा. जोर केलात तर ओल्या मातीतून गवतच उपटून येईल. थरातून निम्म्याहून जास्त गवत दिसत असेल तर ओढायचीही गरज नाही: कोरड्या दिवशी मोवर (गवत कापायचं यंत्र) तीन इंचांवर ठेवून फिरवा, बारीक झालेल्या सुया मातीत जिरतात. गवत दिसेनासं झालं असेल तर मात्र उचलाच, खालचं गवत पिवळं पडतं. ढीग ताडपत्रीवर ओढून न्या. यार्ड वेस्टचा (बागेतल्या कचऱ्याचा) डबा ओल्या सुयांनी काठोकाठ भरलात तर तो हलवणं अवघड होतं.

आता चुना. हिरवी सुई आम्लधर्मी असते हे खरं, पण गळून कुजेपर्यंत तिचा परिणाम जवळपास संपतो. शेवाळ येतं ते सावली, सततची ओल आणि दबून घट्ट झालेली माती यांमुळे. इथली माती पावसाने क्षार धुऊन गेल्याने मुळातच थोडी आम्लधर्मी असते, म्हणून शेवाळ आणि सुया एकत्र दिसतात आणि दोष सुयांवर येतो. चुना शेवाळ मारत नाही. टाकायचाच असेल तर आधी माती तपासा. किंग कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट ही इथली स्थानिक सरकारी संस्था किंग काउंटीतल्या रहिवाशांना तपासून देते. लोहाच्या सल्फेटने शेवाळ काळं पडून मरतं, पण त्याचे कण काँक्रीटवर पडले तर गंजाचे डाग जाता जात नाहीत.

गोळा केलेल्या सुया र्‍होडोडेंड्रॉन ही फुलझुडपं आणि ब्लूबेरी यांच्याखाली दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर अंतर सोडून. घराच्या भिंतीलगत नको, उन्हाळ्यात त्या भुरकन पेटतात. कंपोस्टमध्ये दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका, मेणचट आवरणामुळे त्या लवकर कुजत नाहीत.

पन्हळींची मुख्य फेरी ऑक्टोबरच्या शेवटी करा, आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या मोठ्या वादळानंतर पाइपची तोंडं पुन्हा बघा. तेव्हा सुयांबरोबर डहाळ्याही पडलेल्या असतात. झाड पाडायचा विचार असेल तर एवढ्या मोठ्या फरसाठी सहसा शहराची परवानगी लागते, आणि शेंडा छाटणं तर टाळाच: तिथे फुटणाऱ्या फांद्या कमकुवत असतात आणि पुढच्या वादळात त्याच छपरावर येतात.