गच्ची गळते: कोबा, शीट की पत्रा?

प्रश्न : साताऱ्यात आमचं २५ वर्षांचं आरसीसी घर आहे. गच्ची ८०० चौरस फूट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. दोन वर्षांपूर्वी पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग मारलं. त्याचे पोपडे सुटले आणि हॉलचं छत पुन्हा ओलं होतंय. एक ठेकेदार कोब्यावर नवा कोबा घाला म्हणतो, दुसरा डांबरी शीट, तिसरा थेट पत्रा. कुणाचं ऐकावं?

उत्तर : कोब्यावर कोबा अजिबात नको. सरासरी ४ इंच जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. तुमची गच्ची ७४ चौरस मीटर, म्हणजे जुन्या स्लॅबवर आणखी जवळपास १५ टन. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, सामान मिळून धरतात तोच भार चौरस मीटरला १५० किलो. शिवाय जुन्या कोब्यातलं पाणी दोन थरांत कोंडून खालीच उतरेल.

डागाच्या बरोबर वर भेग शोधत बसू नका. कोब्याचा वरचा थर चिरला की पाणी विटांच्या तुकड्यांत मुरतं, स्लॅबवरून सरकत जातं आणि काँक्रीट जिथे पोकळ असेल किंवा वायरिंगचा पाइप असेल तिथे टपकतं. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी ठिबक चालू राहते ती यामुळेच. उन्हाळ्यातही ओल दिसत असेल तर आधी टाकीचे आणि नळाच्या लाइनचे जोड तपासा.

पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जाऊन डबक्यांचे फोटो काढा. पावसाच्या पाइपचं तोंड बघा. ते कोब्यापेक्षा अर्धा इंच वर राहिलेलं असतं आणि भोवती तळं साचतं, हे फार घरांत दिसतं. उतार दर १० फुटांना किमान सव्वा इंच हवा. मग हातोडीने कोबा ठोकत चला. आवाज भरीव आला तर कोबा धरून आहे, पोकळ आला तर सुटलाय. पाव गच्चीपेक्षा जास्त भाग पोकळ निघाला तर कोबा काढून नवा घालणंच शहाणपणाचं. काढताना ब्रेकर नको, हातोडी-छिन्नी वापरा, आणि राबिट (फोडलेला राडारोडा) गच्चीच्या मधोमध ढीग न लावता रोजच्या रोज खाली उतरवा.

कोबा भरीव असेल तर भेगा १० मिलिमीटर रुंद-खोल कापून पॉलिमर मॉर्टरने भरा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर भराव, मात्र फोडूनच नवा करा. उन्हाने स्लॅब फुगतो-आकसतो, भिंत त्याच्या बरोबरीने हलत नाही, त्यामुळे केसाएवढी फट पहिल्यांदा तिथेच पडते. त्यावर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग : पहिल्या हातात फायबरची जाळी, दुसरा हात आडव्या दिशेने, पॅरापेटवर एक फूट वर चढवून. वाळलं की पाइपला बोळा मारून २ इंच पाणी ४८ तास साठवा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

तुमचं पांढरं कोटिंग का गेलं, याचा हिशोब बादलीतच मिळेल. २० लिटरची एक बादली ७४ चौरस मीटरवर पसरली तर चौरस मीटरला पाव लिटरच आलं. वाळल्यावर जाडी वहीच्या कागदाएवढी. त्यात असं पांढरं कोटिंग बहुतेक ॲक्रिलिकचं असतं, ते साचलेल्या पाण्यात मऊ पडतं.

डांबरी शीट वाईट नाही. पण ज्या गच्चीवर कुरडया वाळतात, खाटा ओढल्या जातात, तिथे ती फाटते, आणि एक भोक पडलं तरी पाणी शीटखाली पसरून भलतीकडेच निघतं. वापर नसेल तर वरून खडीदार थर असलेली ४ मिलिमीटरची घ्या, जोडावर एक शीट दुसरीवर १० सेंटीमीटर चढवा. पत्र्याने पाऊस अडेल, स्लॅब दुरुस्त होणार नाही. छताला तांबूस डाग असतील, प्लास्टर फुगलं असेल तर सळई गंजतेय. वर काहीही करा, तिचा इलाज आधी.

प्रश्न : सांगलीत गच्चीवर पत्र्याचं शेड आहे. उतार अगदी कमी, जोडातून पाणी येतं. सिलिकॉन लावलं, वर्षात सुटलं.

उत्तर : १० फुटांना किमान एक फूट उतार असावा. कमी असेल तर वारं पाणी जोडात उलटं ढकलतं. खांब उचलणं शक्य नसेल तर वरचा पत्रा खालच्यावर ८-९ इंच चढवून मध्ये ब्यूटाइल टेपच्या (चिकट रबरी पट्टीच्या) दोन पट्ट्या घाला. आपल्याकडे पावसाळी वारं पश्चिमेकडचं, म्हणून बाजूच्या जोडाचं तोंड पूर्वेकडे ठेवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत, खोलगटात नकोत. रबरी वॉशर कडक झाले असतील तर बदला. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा.

प्रश्न : वॉटरप्रूफिंगचं काम मे महिन्यात काढलं तर चालेल?

उत्तर : चालेल, पण फेब्रुवारी-मार्च बरा. मेमधल्या तापलेल्या कोब्यावर कोटिंग धरण्याआधीच वाळून जातं, त्यामुळे सकाळी आठच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर काम करावं लागतं. त्यात वळवाच्या पावसाचा नेम नाही. कोबा वाळलाय का ते तपासायला दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून थेंब दिसले तर आठ दिवस थांबा. ओलीवर मारलेलं कोटिंग वाफेने फुगून सुटतं.