पहिले सहा पर्याय लेकरालाच लिहू द्या

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची आहेत. मी 31 वर्षं नागपुरात अकरावी-बारावीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यातल्या शनिवारी मुलं आणि त्यांचे आईवडील कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्या लक्ष्मीनगरच्या घरी येतात. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. तो प्रश्न यंदा शेकडो घरांत येणार, म्हणून लांबू दिलं.

ताई, मागच्या वर्षी माझ्या मोठ्या मुलीला सीईटी या प्रवेश परीक्षेत 91 पर्सेंटाइल होते. कॅपचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म पुतण्याने भरला, त्याची अॅडमिशन 2022 ची. पहिला पर्याय एका नावाजलेल्या कॉलेजचं कॉम्प्युटर, दुसरा तिथलंच आयटी, तिसरा तिथलंच सिव्हिल, आणि चौथा घराजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर. दुसऱ्या फेरीत सिव्हिल लागलं. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची संधी, घेऊ म्हटलं तर सीट फ्रीझ, म्हणजे कायमची पक्की, झाली होती. तिच्याहून कमी पर्सेंटाइलच्या मुलींना त्याच फेरीत ते चौथं कॉलेज मिळालं. पोरगी आजही बोलते, "बाबा, मला हे नव्हतं पाहिजे." यंदा धाकटा आहे. काय करावं समजून नाही राहिलं. (नंदनवन)

भाऊ, पत्र वाचून जीव हळहळला. यात तुमच्या पुतण्याने मुद्दाम काही केलं नाही, त्याला 2022 चे नियम पाठ होते. तेव्हा मीही हेच सांगायचे, "लिहून तर ठेवा, बेटरमेंट आहेच." तेव्हा ते खरं होतं. 2025 च्या प्रवेशापासून कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि त्यासोबत नवा नियम आला. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनमधला कोणताही मिळाला की फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांमधला. फ्रीझ झालेली सीट घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. तुमच्या लेकीचं सिव्हिल तिसऱ्या नंबरवर होतं आणि फेरी दुसरी होती, म्हणून ते पक्कं झालं.

पण फ्रीझच्याही आधी एक चूक झाली होती, आणि धाकट्यासाठी तीच समजून घ्यायला हवी. संगणक गुणवत्ता यादीच्या क्रमाने एकेका मुलाचा फॉर्म उघडतो, वरून खाली बघत जातो आणि रिकामी दिसलेली पहिली जागा देऊन मोकळा होतो. तिसऱ्या नंबरवर सिव्हिल आणि चौथ्यावर कॉम्प्युटर लिहिलं, याचा अर्थ तुमच्या लेकीने सांगितलं की दोन्ही मिळत असतील तर मला सिव्हिल द्या. तिने तसं कधी म्हटलंच नव्हतं. ते वाक्य तिच्या वतीने पुतण्याने लिहिलं, कॉलेजच्या नावाकडे बघून. मुलांना फेरीगणिक पर्याय नव्याने भरता येतात, म्हणून पूर्वी असा क्रम पुढच्या फेरीत सुधारता यायचा. आता पहिल्या तीनांत चुकलं तर सुधारायला पुढची फेरीच मिळत नाही.

आमच्या घरी आम्ही काय करतो ते सांगते. जुन्या लग्नपत्रिका मी फेकत नाही. त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापून ठेवते. एका तुकड्यावर एक कॉलेज आणि एक शाखा. मूल जमिनीवर बसतं, आईबाबा सोफ्यावर, आणि कूलर बंद करावा लागतो, नाहीतर सगळे तुकडे स्वयंपाकघरात उडून जातात. मग मी दोन तुकडे उचलते आणि विचारते, "दोन्ही आत्ता हातात दिले तर कुठलं घेशील?" उत्तर मुलाने द्यायचं. जे घेईल ते वर ठेवायचं. असं करत करत रांग लागते. फॉर्ममध्ये 300 पर्यायांची सोय आहे, पण तीस-पस्तीस तुकड्यांतच मुलाचं मन कळतं. मागच्या जूनमध्ये एका मुलीने जमिनीवर अर्धा तास काढला आणि आई सतत म्हणत होती ते कॉलेज उचलून अकराव्या नंबरवर ठेवलं. आई काही बोलली नाही. नंतर दारात चपला घालताना म्हणाली, मला वाटलं होतं तिलाच ते हवंय.

रांग लागली की पहिले सहा तुकडे वेगळे काढायचे आणि एकेकाला विचारायचं: हेच मिळालं आणि यापुढे काहीच बदललं नाही, तर चालेल? "चालेल, पण..." असं उत्तर आलं की तो तुकडा सातव्याच्या खाली. गेल्या वर्षीचा कटऑफ बघून "हे काही लागत नाही" म्हणत वरचा पर्याय मात्र काढू नका. न लागणारा पर्याय वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही, संगणक तो ओलांडून पुढे जातो. आणि यंदाची माहितीपुस्तिका आली की फेऱ्यांचा आणि फ्रीझचा भाग आधी स्वतः वाचा, कारण 2025 चंही आता गेलं वर्ष झालं.

लेकीबद्दल. सिव्हिल कमी नाही, पण तिने निवडलेलं नाही, हे दुःख खरं आहे. पहिलं वर्ष संपल्यावर रिकाम्या जागांवर शाखा बदलून देणारी कॉलेजं आहेत, पहिल्या वर्षाच्या गुणांवर. तिच्या कॉलेजचा नियम काय, हे तिने निकालाची वाट न बघता कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारावं. आणि तिला एकदा मोकळेपणी सांगा की फॉर्म आम्ही भरला होता. मला वाटतं, हे तिने तुमच्या तोंडून ऐकणं गरजेचं आहे.

मॅडम, सीईटीत मला माझ्या मित्रापेक्षा 5 मार्क जास्त आहेत आणि पर्सेंटाइल त्याचे जास्त. आमच्या शिफ्ट वेगळ्या होत्या. हा अन्याय नाही का? (काटोल)

तुझा राग मला समजतो, पण हिशेब बघ. 2019 पासून सीईटी संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून मार्क एकमेकांशी ताडत नाहीत, सत्रातली जागा ताडतात. समज, तुझ्या सत्राला 10,000 मुलं होती आणि त्यातल्या 9,200 मुलांना तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी मार्क पडले, तर तुझा पर्सेंटाइल 92. मित्राचा पेपर अवघड होता, तिथे सगळ्यांचेच मार्क उतरले, त्यात तो वर राहिला. ही पद्धत अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या सत्रात हुशार मुलं जास्त आली तर तिथल्या मुलाला थोडा फटका बसतोच. पण नुसत्या मार्कांवर यादी लावली असती तर सोपा पेपर मिळालेली सगळी मुलं पुढे गेली असती.

माझ्या 2014 आणि 2015 च्या मुलांना सीईटी नव्हतीच. निम्मे गुण जेईई मेनचे, निम्मे बारावीचे, आणि बारावीच्या गुणांचंही आधी सामान्यीकरण, म्हणजे वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापावर आणणं. 2016 ला सीईटी परत आली. त्या दोन वर्षांत मुलांनी आमच्यासमोर डोळ्यांत पाणी आणून हाच प्रश्न विचारला होता. आता मार्क विसर आणि पर्सेंटाइलपेक्षाही गुणवत्ता यादीतला क्रमांक धर. परीक्षेला बसणारी मुलं दरवर्षी कमीजास्त होतात, त्यामुळे कटऑफ बघताना क्रमांकाचा अंदाज जवळचा येतो.

आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत. मुलीला एका कॉलेजने मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, सीट देऊ केली आहे. "मुलींची फी माफच आहे, घेऊन टाका" असं तिथला माणूस म्हणतो. (उमरेड)

पैसे भरू नका, थांबा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण ते कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला ही माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या योजनेच्या बाहेर आहेत, म्हणून संस्थेच्या नावात विद्यापीठ दिसलं की हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी मागा. वसतिगृह आणि मेसचा खर्च माफीत येत नाही, तो वेगळा धरा.

आणि आजच कपाट उघडून नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची तारीख बघा. 2026-27 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध असलेलं लागेल. जातवैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. तहसीलच्या रांगेत जूनमध्ये उभं राहण्यापेक्षा आत्ता गेलेलं बरं, ऊन असलं तरी.

मुलाने दहावी नागपुरात केली, अकरावी-बारावी लातूरला. नागपूरच्या कॉलेजांत तो आपल्या विद्यापीठाचा धरला जाईल ना? (त्रिमूर्तीनगर)

नाही. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशासाठी धरलं जाणारं आपलं विद्यापीठ, बारावी जिथून झाली त्यावर ठरतं. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो, तेच त्याचं. घर नागपूरला असलं तरी फरक पडत नाही. कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या शेवटी एक अक्षर असतं. एच म्हणजे त्याच विद्यापीठाची मुलं, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांची, एस म्हणजे सगळं राज्य. त्याने नागपूरच्या कॉलेजांचे ओ आणि एसचे आकडे बघावे, नांदेडकडच्या कॉलेजांसाठी एचचे. शेजारच्या मुलाला एचमध्ये मिळालेल्या जागेवरून स्वतःचा अंदाज बांधू नये, त्यात दरवर्षी एक-दोन घरं फसतात.

एप्रिलची सीईटी बरी गेली नाही. मेमध्ये पुन्हा द्यायची ताकद नाही वाटत. (महाल)

दे, बाळा. यंदापासून दोनदा संधी आहे आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरला जाणार, म्हणजे एप्रिलचं तुझं काही जात नाही. दोन दिवस पुस्तक बंद ठेव, झोप, आईच्या हातचं खा. मग नवीन धडे उघडू नकोस. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे आहेत, म्हणजे 200 पैकी 100 गुण तिथेच. एप्रिलमध्ये वेळेअभावी गणिताचे किती प्रश्न राहिले ते आठवून कागदावर लिही आणि रोज घड्याळ लावून तेवढेच जास्तीचे प्रश्न सोडव. अकरावीचा भाग 20 टक्के असतो, तो बहुतेक मुलं सोडतात, तू त्यातले सोपे धडे धर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवून उठू नकोस.